विस्थापन शून्य

घराजवळ टेकडी असणं हे भाग्य आहे, असं ज्यांच्या घराजवळ टेकडी नाही ती माणसं फार ठामपणे सांगतात. "तुमचं काय बुवा, दार उघडलं की टेकडी!" आमचं दार उघडलं की समोरच्यांचा चपलांचा स्टँड दिसतो. टेकडी त्यानंतर दोन चौक आणि एक चढण ओलांडल्यावर लागते. पण हे सांगून उपयोग नसतो. भाग्यवान माणसानं तक्रार केलेली लोकांना आवडत नाही. म्हणून इतकी वर्षं मी गप्प होतो.

टेकडी म्हणजे पुण्यातली वेताळ टेकडी. माथ्याजवळच्या वाहनसंशोधन संस्थेमुळे काही लोक तिला 'एआरएआय'ची टेकडी म्हणतात. लॉ कॉलेजच्या मागून चढणारे लॉ कॉलेज टेकडी म्हणतात, पंचवटीकडून येणारे पंचवटीची म्हणतात. प्रत्येक बाजूच्या लोकांची अशी समजूत आहे की टेकडी मूळची आपली आणि बाकीचे पाहुणे. आम्ही गोखलेनगरच्या बाजूचे. टेकडी मूळची आमची आहे.

पुणे शहर समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर आहे आणि टेकडीचा माथा 800 मीटरच्या घरात. शहराच्या हद्दीतली ही सगळ्यात उंच जागा. म्हणजे चढायचं ते दोन-सव्वादोनशे मीटर. ही उंची फार अडचणीची आहे. याहून कमी असती तर 'चढलो' असं म्हणायची जबाबदारी अंगावर आली नसती. याहून जास्त असती तर म्हटल्यावर कुणीतरी ऐकून घेतलं असतं. माझा भाचा सह्याद्रीतले किल्ले करतो. त्याला मी एकदा टेकडीबद्दल सांगायला गेलो, तर तो म्हणाला, "मामा, ते वॉर्म-अप." तो स्वतः टेकडीवर येतो तेव्हा पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्यानं भरलेल्या बाटल्या असतात. त्या तो पीत नाही, दुसऱ्यालाही देत नाही. त्या फक्त वजनासाठी असतात. हिमालयातल्या कुठल्याशा खिंडीची ती पूर्वतयारी. मला धाप लागून मी दगडावर टेकलेलो असताना आठ-दहा लिटर पाणी माझ्यासमोरून वर जातं आणि तसंच्या तसं खाली येतं.

वाट गोल आहे. गोखलेनगरच्या बाजूनं चढायचं, पठारावरून वेताळबाबाच्या देवळाशी जायचं, पुढे जुन्या दगडखाणीच्या काठानं वळसा घ्यायचा आणि दुसऱ्या वाटेनं उतरून जिथून निघालो तिथंच यायचं. नववीच्या विज्ञानात अंतर आणि विस्थापन यांतला फरक शिकवतात. माणूस कितीही चालला आणि मूळ जागी परत आला, तर त्यानं कापलेलं अंतर काही का असेना, विस्थापन शून्य. त्याच पुस्तकात पुढच्या धड्यात असंही आहे की विस्थापन शून्य तर कार्य शून्य. हे पुस्तक ज्या बालभारतीनं काढलं, तिची इमारत या टेकडीच्या पायथ्याशीच आहे. घामाघूम होऊन सेनापती बापट रस्त्यावर उतरावं तर समोर ती इमारत. तुम्ही आज सकाळी काहीही केलेलं नाही, हे सरकारमान्य मत तिच्या गोदामात लाखो प्रतींत पडून असतं.

त्याचंही मला एवढं वाटत नाही. खरा त्रास गोल वाटेवर समोरून येणाऱ्या माणसांचा आहे.

सरळ वाटेवर माणूस एकदा भेटतो. 'नमस्कार' म्हणायचं, तो मागे पडतो, विषय संपतो. गोल वाटेवर उलट दिशेनं चालणारा माणूस एका फेरीत दोनदा भेटतो. हा भूमितीचा दोष आहे, त्या माणसाचा नाही, हे मी स्वतःला वारंवार समजावतो. पहिल्या भेटीत प्रश्न नसतो. "काय, आज उशीर?" "नाही, तुम्हीच लवकर." दोघंही हसतात. हे हसू खरं असतं, कारण अजून दम शिल्लक असतो. वीस-पंचवीस मिनिटांनी खाणीच्या पलीकडे तोच माणूस पुन्हा समोर दिसतो, आणि तोही लांबून दिसतो, कारण पठारावर आडोसा नाही. शंभर पावलांवरून आपण एकमेकांना पाहिलेलं असतं. आता काय बोलायचं? उशिराचा विषय झालेला आहे. हवामान बदललेलं नाही. पुन्हा नमस्कार करावा तर पहिला विसरल्यासारखं दिसतं, न करावा तर मधल्या वीस मिनिटांत काहीतरी बिनसल्यासारखं. बहुतेक जण "झालं वाटतं!" असं म्हणतात. त्यावर "होत आलं" एवढंच म्हणता येतं. हे दोन शब्द मी या टेकडीवर इतक्या माणसांना म्हटले आहेत की घरी कुणी जेवण झालं का विचारलं तरी तोंडातून तेच जातं.

काहींनी यावर आपापले उपाय काढले आहेत. काहीजण त्या शंभर पावलांत फोन कानाला लावतात. काही वाकून बुटाची नाडी बांधतात. एक गृहस्थ आहेत, त्यांच्या बुटाला नाडी नाही, पट्टी आहे. तरी ते वाकतात. पण सगळ्यात सुसंस्कृत मार्ग म्हणजे थांबून झाडाच्या शेंड्याकडे एकटक बघणं. पक्षी बघणाऱ्या माणसाशी कुणी बोलत नाही. पुण्यात पक्षिनिरीक्षकांची संख्या एवढी मोठी कशी, याचं उत्तर लोक इथल्या शिक्षणसंस्थांमध्ये शोधतात. त्यांनी एकदा गोल वाटेवर उभं राहून पाहावं. मी स्वतः या मार्गानं बरेच पक्षी ओळखायला शिकलो आहे. मात्र या टेकडीवर मोर आहेत आणि ते नेमके नको तेव्हा वाटेच्या मधोमध येतात. मग दोघांनाही थांबून तोच मोर बघावा लागतो, आणि मोर जाईपर्यंत मोराबद्दल बोलावं लागतं.

सगळ्यांनी एकाच दिशेनं चालावं, हा सोपा उपाय मी सुचवून पाहिला. टेकडी वेताळबाबाची, तेव्हा देवाला उजवीकडे ठेवून प्रदक्षिणा घालावी, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. यात शास्त्र आहे, सोयही आहे. त्यावर एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले की धावण्याच्या शर्यती जगभर काट्याच्या उलट दिशेनं होतात, तेव्हा आरोग्याच्या दृष्टीनं तेच योग्य. दुसरे एक जण म्हणाले, सकाळी त्या दिशेनं गेलं तर खाणीपाशी ऊन डोळ्यांवर येतं. तिसऱ्यांचं म्हणणं, वेताळ हा शंकराच्या गणांतला, आणि शंकराची प्रदक्षिणा सोमसूत्री असते, अर्ध्यावर जाऊन परत फिरायचं. हे गृहस्थ गेली कित्येक वर्षं देवळापर्यंत जाऊन परत फिरतात. मला वाटत होतं की त्यांचा गुडघा दुखतो.

एका दिशेनं चालल्यावर सगळं सुरळीत होईल, या माझ्या समजुतीवरही हल्ली सावट आलं आहे. त्याचं कारण उलटं चालणारे लोक. उलट्या दिशेनं नव्हे, पाठमोरे. पाठमोरं चालल्यानं गुडघे, कंबर आणि स्मरणशक्ती यांपैकी दोन गोष्टी सुधारतात असं त्यांनी कुठंतरी ऐकलेलं असतं. असा माणूस आपल्या पुढे असला की तो आपल्याच दिशेनं चालत असतो, पण त्याचं तोंड आपल्याकडे असतं. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना झुडपं, आणि दोन हातांवर एक अनोळखी चेहरा आपल्याकडे बघत, आपल्याच वेगानं मागे सरकत असतो. किती वेळ? वळण येईपर्यंत. वळणावर तर तो आपल्यावरच अवलंबून असतो. "उजवीकडे घ्या... दगड आहे... थोडं डावीकडे." मी व्यायामाला आलेलो असतो. घरी येतो तेव्हा ट्रक मागे घेणाऱ्या क्लीनरचं काम करून आलेलो असतो.

आवाजाबद्दल फार लिहीत नाही. एकाच्या शर्टाच्या खिशात अभंग, दुसऱ्याच्या खिशात शेअर बाजार, तिसऱ्याच्या खिशात यकृत कसं स्वच्छ ठेवावं यावरचं व्याख्यान. हे तिघं एका ओळीत पुढे गेले की ऐकणाऱ्याला पांडुरंग, निफ्टी आणि यकृत यांची सांगड आपली आपण घालावी लागते. इअरफोन लावा असं सुचवलं तर म्हणतात, "नको, त्यानं निसर्गाचा आवाज ऐकू येत नाही." वेताळपंचविशीतला वेताळसुद्धा विक्रमाच्या खांद्यावर बसून बोलत असे, पण तो निदान एक गोष्ट संपवून मगच उडून जायचा.

माथ्यावर पोचायचे आणखी मार्ग आहेत. कोथरूडकडून वरपर्यंत डांबरी रस्ता जातो. तिथून गाडीनं माथ्याजवळ यायचं, गाडी लावायची आणि मग पठारावर सपाटीला चालायचं, अशी एक पद्धत आहे. या मंडळींच्या कपड्यांना इस्त्री असते. आपण घामानं निथळत देवळाशी पोचतो तेव्हा ते ताजेतवाने उभे असतात आणि सहानुभूतीनं विचारतात, "दम लागला?" त्यांतल्या काहींच्या हातात चढाला आधार म्हणून घ्यायच्या दोन-दोन काठ्या असतात. सपाटीवर त्या काठ्यांचं काय करतात याचं मी बारकाईनं निरीक्षण केलं आहे. कुत्री हाकलतात. कुत्री हाकलली जात नाहीत, कारण पुढचा माणूस त्यांना बिस्किटं घालत असतो.

वाटेबद्दल बोलायचं तर हा सगळा दख्खनचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन तो तयार झाला. एवढा अवधी मिळूनही उताराच्या वाटेवरच्या दगडांना एका जागी नीट बसता आलेलं नाही. पाय ठेवला की दगड निघतो. त्यावर ज्याला त्याला बाण रंगवायची हौस. पांढरे बाण कुठल्या तरी पळण्याच्या शर्यतीचे, पिवळे दुसऱ्या शर्यतीचे, निळे कुणाचे ते त्यांनाच ठाऊक. शर्यत एका सकाळी संपते, बाण राहतात. एका चौरस्त्यावर सहा बाण आहेत आणि वाटा चारच आहेत. नवखा माणूस तिथं उभा राहून विचारतो, "काका, देऊळ कुठं?" मी हात करून दाखवतो. तो माझ्या हाताकडे बघतो, मग बाणाकडे बघतो आणि बाणाच्या दिशेनं जातो.

ऑक्टोबर संपता संपता गवत वाळतं आणि कुसळं मोज्यांत शिरतात. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसण्याबद्दल लोकांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. स्वतःच्या मोज्यातलं कुसळ दिसत नाही, धुतल्यावरही जात नाही आणि कचेरीत साहेबांसमोर बसलं की टोचतं, यावर कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

आता झाडं. झाडांविरुद्ध तक्रार करणारा माणूस समाजातून उठतो याची मला जाणीव आहे, म्हणून जपून लिहितो. या टेकडीवर मोठा भाग गिरिपुष्पाचा आहे. हे झाड मध्य अमेरिकेतलं. उघड्या टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर ते लावलं गेलं, आणि त्यानं ते काम इतक्या निष्ठेनं केलं की आता त्याच्या खाली दुसरं फारसं काही उगवत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडून गुलाबी फुलं येतात आणि लोक त्याखाली उभं राहून फोटो काढून घेतात. त्याला उंदीरमारी असंही म्हणतात, हे मी फोटो काढणाऱ्यांना सांगत नाही.

ते जुनं झालं. नवा प्रकार म्हणजे वाढदिवसाचं झाड. नातवाचा पहिला वाढदिवस, साहेबांची एकसष्टी, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, टेकडीवर एक वड. किंवा पिंपळ. एखाद्यानं या माथ्यावर मूळचं गवताळ रान आहे, इथल्या पाखरांना गवतच लागतं, असं म्हणायचा प्रयत्न केला तर त्याच्याकडे लोक असे बघतात की बाजूला कुऱ्हाड लपवली आहे की काय. मी तो प्रयत्न सोडून दिला. माझी तक्रार गवताबद्दल नाहीच. ती पाण्याबद्दल आहे.

माथ्यावर पाणी नाही. झाड लावून झालं की खड्ड्याभोवती दगडांचं गोल आळं होतं, पाटी लागते, फोटो होतो आणि सगळे खाली उतरतात. मग मार्च येतो. तेव्हा पायथ्याशी, वाट सुरू होते तिथं, पाच-पाच लिटरचे कॅन भरून ठेवलेले असतात आणि त्यांच्याशेजारी एक अत्यंत सज्जन गृहस्थ उभे असतात. ते काही मागत नाहीत. फक्त "वर चाललायच, तर एक घेऊन जा" असं म्हणतात. याला नकार द्यायला जे काळीज लागतं ते माझ्याकडे नाही. मी कॅन उचलतो. पहिल्या वळणापर्यंत उजव्या हातात, दुसऱ्या वळणापर्यंत डाव्या, पुढे कडेवर. समोरून येणारे दर वेळी म्हणतात, "वा, पुण्य आहे!" आणि रिकाम्या हातांनी खाली जातात. वर पोचल्यावर ज्या झाडाला मी पाणी घालतो त्याची पाटी वाचतो. ती एका अशा माणसाच्या स्मरणार्थ आहे, ज्यांना मी कधी भेटलो नाही. पण आता त्यांच्या वजनाची मला चांगली कल्पना आहे. भाच्याच्या सॅकमधल्या बाटल्या या आळ्यात रिकाम्या कराव्यात, असं मी त्याला सुचवलं. तो म्हणाला, मग उतरताना सराव कसा होणार?

माथ्यावर आणखी एक विधी असतो. गर्दीपासून, घरापासून, सोसायटीपासून सुटका म्हणून माणसं इतकं चढून येतात आणि वर आल्या आल्या कड्याशी उभी राहून आपलं घर शोधू लागतात. आकाश स्वच्छ असेल तर नैर्ऋत्येला सिंहगड दिसतो, मनोऱ्यासकट. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. "ती बघ पांढरी बिल्डिंग, तिच्या मागं पाण्याची टाकी, त्या टाकीच्या उजवीकडे..." पंधरा-पंधरा मिनिटं हे चालतं. घर सापडलं की चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो घरी पोचल्यावरही दिसत नाही. एका बाईंना गच्चीवर वाळत घातलेलं बेडशीटसुद्धा दिसलं आणि त्यांनी तिथूनच सुनेला फोन करून ते काढायला लावलं.

ज्येष्ठतेचा प्रश्न वेगळाच. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला, त्यानंतर पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरची वसाहत झाली. तेव्हापासून इथं राहणारे एक आजोबा टेकडीवर येतात. आमच्यातल्या कुणीही 'पूर्वी टेकडी किती शांत होती' असं म्हटलं की ते विचारतात, "पूर्वी म्हणजे कधी?" समोरचा नव्वद साली वगैरे म्हणतो. आजोबा हसतात. दोन हजार दहा म्हणणाऱ्याकडे ते बघतही नाहीत. त्यांचा मुद्दा असा की त्यांच्यानंतर आलेल्या प्रत्येकानं शांतता थोडी-थोडी बिघडवली, तेव्हा शांततेबद्दल तक्रार करायचा हक्क फक्त त्यांना. तर्काला उत्तर नाही. त्यांच्या खिशातला रेडिओ मात्र सगळ्यात मोठ्यानं वाजतो.

या सगळ्या माणसांना एका दिशेनं, एका वेगानं चालताना मी पाहिलं आहे, हे नमूद करायला हवं. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या अंगावरून साधारण दोन किलोमीटरचा रस्ता काढायचा बेत महापालिकेच्या कागदांवर जुना आहे. तो पुन्हा हलू लागला तेव्हा 2023 च्या एप्रिलमध्ये त्याविरुद्ध मोर्चा निघाला आणि हजारो माणसं आली. काट्याच्या दिशेचे आले, उलट दिशेचे आले, सोमसूत्री आले, गाडीनं माथ्यावर जाणारेही आले. सगळे सरळ रेषेत डांबरावरून चालत होते. पाठमोरं कुणी चाललं नाही. समोरून कुणी येत नव्हतं, त्यामुळे कुणाला दुसऱ्यांदा नमस्कार करायची वेळ आली नाही. टेकडीवर मी अनुभवलेल्या सगळ्या चालींत ही चाल सगळ्यात सुखाची झाली, आणि ती टेकडीवर झाली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे खाणीपाशी ऊन कुणाच्या डोळ्यांवर येतं यावरून पुन्हा जुंपली होती.

फेरी संपली तरी ती संपत नाही, कारण मनगटावर घड्याळ असतं. दहा हजार पावलं व्हायला हवीत. हा आकडा कुठल्या वैद्यकानं दिलेला नाही. 1965 मध्ये एका जपानी कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याच्या नावातच तो होता. आमच्या फेरीत तेवढी पावलं भरत नाहीत. म्हणून खाली उतरलेली माणसं उरलेली पावलं लावलेल्या गाड्यांभोवती फिरून पूर्ण करतात. माझ्या ओळखीचे एक जण ती फोनवर बोलता बोलता जागच्या जागी पूर्ण करतात. त्यांचं विस्थापन तर वाटेतसुद्धा शून्य.

गाड्यांच्या पलीकडे रसवाले. कारलं, दुधी, गव्हांकुर, कडुलिंब. हे रस पिणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, पण तो बघायची मुभा नाही, कारण आपणही रांगेत असतो. त्यांच्या पलीकडे पोहे आणि वडे. रस कर्तव्य म्हणून आणि वडा बक्षीस म्हणून घ्यायचा, असा साधारण रिवाज आहे. मी वडा घेतला की माझे डॉक्टर तिथं येतात. ते पूर्वी उलट दिशेचे होते, हल्ली माझ्याच दिशेनं चालतात. ते काही बोलत नाहीत. "झालं वाटतं," एवढंच म्हणतात.

घराजवळची टेकडी असल्याचा शेवटचा तोटा फोनवरून येतो. सिंहगड उतरणाऱ्या माणसाला 'येताना कोथिंबीर आण' असं कुणी सांगत नाही. लोहगडावरून कुणी अर्धा लिटर दूध आणत नाही. मला मात्र निघतानाच पिशवी दिलेली असते. घरात शिरतो तेव्हा अंगावर माती, पोटरीला ओरखडा, मोज्यात कुसळं आणि हातात कोथिंबीर. बायको कोथिंबीर उलटसुलट करून बघते आणि म्हणते, "खालच्या भाजीवाल्याकडचीच ना? मग एवढा वेळ कुठं होता?"

या सगळ्या गैरसोयींवर काहीतरी सामुदायिक निर्णय व्हावा म्हणून अलीकडे देवळाजवळ एक बैठक भरवण्यात आली. सूचना माझी होती. शेजारच्याच टेकडीवर, फर्ग्युसनच्या मागे, 12 जून 1905 रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मोजक्या सहकाऱ्यांना सोबत घेऊन शपथ घेतली आणि सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी एका सकाळी सुरू झाली. तिथं स्तंभ आहे. आमच्या बैठकीला बरीच जास्त माणसं होती, तेव्हा काहीतरी निष्पन्न होईल असं मला वाटलं. चालण्याची दिशा हा पहिला विषय होता. त्यावर दोन्ही बाजूंनी विचार होऊन तो पुढच्या बैठकीकडे गेला. खिशातल्या फोनचा विषय निघाला तेव्हा कुणाचातरी फोन वाजत होता, त्यामुळे प्रस्ताव नीट ऐकू आला नाही. बाण पुसण्याचं ठरलं. ते पुसायला कोणत्या रंगाचा रंग वापरायचा यावर मतभेद झाले. पाण्याच्या कॅनबद्दल बोलायला मी उभा राहिलो, पण ते सज्जन गृहस्थ पहिल्याच रांगेत बसलेले दिसले, तेव्हा मी सर्वांचे आभार मानून खाली बसलो.

एकमतानं मंजूर झालेला ठराव एकच. यंदा सगळ्यांनी मिळून माथ्यावर कोजागरी करायची. मसाला दूध, भेळ, ज्याला येत असेल त्यानं गाणं म्हणायचं. अंधार पडल्यावर टेकडीवर थांबू नये असा फलक पायथ्याशी लावलेला आहे आणि आमची माणसं नियमाची पक्की आहेत, म्हणून कोजागरी सकाळी साडेसहाला ठरली आहे. दूध चाळीस लिटर लागेल असा अंदाज निघाला. ते वर कसं न्यायचं असा प्रश्न आल्यावर सगळ्यांनी माझ्या भाच्याच्या सॅकचं नाव घेतलं. भाचा त्या दिवशी हिमालयात आहे. आता पायथ्याशी पाच-पाच लिटरचे कॅन भरून ठेवायचं ठरलं आहे, आणि त्यांच्याशेजारी कुणी उभं राहायचं हेही ठरलं आहे.